पगार चांगला असताना मोटरमन गाडी का थांबवतात?

कराडच्या एका गृहस्थांच्या मुलीची असिस्टंट लोको पायलट, म्हणजे रेल्वे इंजिनाची सहायक चालक, म्हणून निवड झाली आहे. पुढे मुंबईत लोकल चालवायची तिची इच्छा आहे. पण मोटरमन आणि रेल्वे प्रशासन यांच्यातले वाद, अचानक रद्द होणाऱ्या लोकल, निलंबनाच्या बातम्या हे सगळं वाचून घरचे धास्तावले आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: एवढा पगार असताना ही माणसं भांडतात कशासाठी, संप केला तर नोकरी जाते का, आणि त्यापेक्षा मेट्रोत गेलेलं बरं का?

दादा, मी मिरजेला मालगाडीवर सुरुवात केली, पुढे मुंबईत लोकल चालवली आणि मधली बरीच वर्षं युनियनच्या शाखेचं काम केलं. वाटाघाटीच्या टेबलावर बसलो, खात्याच्या चौकशीत सहकाऱ्यांची बाजू मांडणारा डिफेन्स हेल्पर म्हणून उभा राहिलो. त्यामुळे जे सांगतो ते जवळून पाहिलेलं आहे.

या भांडणांचं मूळ दोन गोष्टींत आहे, विश्रांती आणि शिक्षा. पगाराचा नंबर तिसरा. मागण्यांच्या कागदावर पगार वर लिहिलेला असतो, कारण तो आकड्यात मांडता येतो आणि वर्तमानपत्राला कळतो. पण लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतो तिथे, माणूस ज्यावर चिडून बोलतो त्या गोष्टी म्हणजे पुरती न झालेली झोप आणि डोक्यावर टांगलेली चार्जशीट.

विश्रांतीचं आधी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगत नाही. रेल्वे कायदा 1989 प्रमाणे रनिंग स्टाफला, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणाऱ्या चालक-गार्डांना, महिन्यात सलग 30 तासांच्या चार विश्रांत्या, नाहीतर एक पूर्ण रात्र धरून सलग 22 तासांच्या पाच विश्रांत्या द्यायच्या असतात. त्याशिवाय आठ तास किंवा जास्त ड्युटी करून मुख्यालयात, म्हणजे आपल्या मूळ ठाण्याला, परतल्यावर 16 तासांची विश्रांती मिळते. आता वाद कुठे आहे? चालकांचं म्हणणं, आठवड्याची 30 तासांची सुट्टी ही या 16 तासांच्या वर हवी, म्हणजे एकूण 46. प्रशासन म्हणतं, 16 तास त्या 30 मध्येच आले.

कागदावर हा फरक 16 तासांचा दिसतो. घरात तो एका रात्रीचा असतो. समजा तुमची मुलगी सोमवारी सकाळी सहाला साइन ऑफ झाली, म्हणजे तिची ड्युटी संपली. 30 तासांच्या हिशेबाने मंगळवारी दुपारी बाराला तिला पुन्हा बोलावता येतं. सोमवारचा दिवस रात्रपाळीची झोप भरून काढण्यात जातो, हाताशी एकच रात्र उरते. 46 तास मिळाले तर बुधवारी पहाटे चारपर्यंत ती मोकळी. मंगळवार पूर्ण घरचा, बाजाराचा, आईवडिलांचा, मुलांच्या शाळेचा. ‘आठवड्याची सुट्टी’ असं आपण ज्याला म्हणतो ते दुसऱ्या हिशेबातच मिळतं. 2024 मध्ये दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांनी केरळ-तमिळनाडूत ही 46 तासांची विश्रांती स्वतःहून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कित्येकांवर निलंबन आणि बदलीची कारवाई झाली. इतकं ते टोकाला गेलं आहे.

लोकलच्या मोटरमनचे तास मालगाडीवाल्यापेक्षा कमी दिसतात, म्हणून ‘यांना काय कमी’ असं ऐकायला मिळतं. पण ते तास कसे जातात ते पाहा. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. धिम्या गाडीला दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन. प्रत्येक वेळी बारा डब्यांची गाडी ठरलेल्या खुणेवर उभी करायची, गार्डच्या दोन घंटा आल्या की निघायचं. मास्टर कंट्रोलरचं हँडल दाबून धरलेलं असतं, हात सुटला तर ब्रेक लागतात. सिग्नलबद्दल सावध करणाऱ्या ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीमचा आवाज झाला की काही सेकंदांत बटण दाबून दखल घ्यायची. मालगाडीवाल्याला बाजूच्या लूप लाइनला तासभर थांबल्यावर पाठ टेकता येते, इथे नजर क्षणभर हलवता येत नाही. पहाटे चारच्या सुमाराला सुटणाऱ्या पहिल्या लोकलचा मोटरमन घरून कोणत्या गाडीने येणार? तो रात्रीच्या शेवटच्या गाडीने येतो आणि रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीत, पडतो. ती झोप हिशेबात विश्रांती धरली जाते.

आणि रुळावर मरणारी माणसं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त लोक जीव गमावतात, त्यात रूळ ओलांडणारे पुष्कळ. त्यातला बराचसा भाग कुणा ना कुणा मोटरमनच्या काचेसमोर घडतो. माणूस समोर दिसतो, इमर्जन्सी ब्रेक लावलेला असतो, आणि तरी गाडी थांबत नाही हे त्याला त्या क्षणीच कळतं. त्यानंतर गार्डला सांगायचं, नोंद करायची, आणि बहुतेक वेळा तीच गाडी पुढे न्यायची. अशा घटनेनंतर त्या दिवशी ड्युटीतून सोडा, समुपदेशन द्या, ही मागणी मी स्वतः कितीदा मांडली. ‘रिलीव्ह करायला माणूस नाही’ हे ठरलेलं उत्तर. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागायचं.

आता शिक्षेचं. लाल सिग्नल ओलांडणं, ज्याला आम्ही स्पॅड म्हणतो, हा चालकाचा सर्वांत मोठा गुन्हा मानला जातो. लाल सिग्नलपलीकडे गाडी गेली तर समोरासमोर किंवा पाठीमागून धडक होऊ शकते, त्यामुळे तो गंभीर आहेच, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद शिक्षेच्या मोजमापाचा आहे. काहीही नुकसान झालं नाही, गाडी काही मीटर पुढे जाऊन थांबली, तरी एसएफ 5 ची, म्हणजे मोठ्या शिक्षेची, चार्जशीट येते आणि प्रकरण सक्तीची निवृत्ती किंवा सेवेतून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकतं. वीस वर्षांची निष्कलंक सेवा त्या काही मीटरात वाहून जाते.

गर्दीच्या वेळी लोकल एकमेकींच्या मागे तीन-तीन मिनिटांवर धावतात. म्हणजे मोटरमन सतत पिवळ्यावरून पिवळ्यावर आणि लालच्या तोंडाशी जात असतो. शेजारी फास्ट आणि स्लो मार्गांचे सिग्नल एका ओळीत. वळणावर, पावसात, समोरून सूर्य असताना शेजारच्या मार्गाचा सिग्नल आपला वाटणं हा मेंदूचा स्वभाव आहे. चौकशीत मी पहिला प्रश्न विचारायचो: मागच्या चार दिवसांचे साइन ऑन, साइन ऑफ काढा. तिथे बहुतेकदा तुटकी झोप सापडायची. पण दोषारोप ठरवणाऱ्या कागदात त्या झोपेला रकाना नसतो. ड्युटीची लिंक, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बनवणाऱ्याला, सिग्नल त्या जागी लावणाऱ्याला कुणी चार्जशीट देत नाही. विश्रांती आणि शिक्षा ही दोन भांडणं खरं तर एकच आहेत असं मी म्हणतो ते यासाठी. यातून आणखी एक वाईट होतं. थोडक्यात वाचलेला मोटरमन ते कुणाला सांगत नाही. सांगितलं असतं तर तो सिग्नल किती जणांना फसवतो हे अपघाताआधी कळलं असतं.

केबिनमध्ये बसवायच्या कॅमेऱ्यांवरून आता जो ताण आहे तोही इथलाच. कॅमेरा अपघाताचं कारण शोधायला वापरणार असाल तर माझा विरोध नाही. पण जांभई दिली, पाणी प्यायला, म्हणून मेमो काढायला वापरणार असाल, तर घाबरलेला माणूस जास्त चुका करतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये मध्य रेल्वेवर एका मोटरमनचा रूळ ओलांडताना गाडीखाली मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याचे सहकारी अंत्यसंस्काराला गेले आणि मोटरमननी जादा काम करायला नकार दिला. लोकलच्या पुष्कळ फेऱ्या रद्द झाल्या, प्रवाशांचे हाल झाले. त्या दिवशी कुणी संपाची नोटीस दिली नव्हती. लोकांनी फक्त ओव्हरटाइम केला नाही. तेवढ्याने वेळापत्रक कोसळत असेल तर ते वेळापत्रक भरलेल्या पदांवर उभं नाही, रिकाम्या पदांचं काम जादा तासांत ओढणाऱ्यांवर उभं आहे. ‘नियमानुसार काम’ आंदोलनाचंही तसंच. सर्वसाधारण नियम सांगतो, ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबा, मग अगदी सावध वेगाने पुढे व्हा. गर्दीच्या वेळी प्रत्येक मोटरमनने असा प्रत्येक नियम शब्दशः पाळला तर मागे गाड्यांची रांग लागते. त्याला नियम पाळला म्हणून शिक्षाही करता येत नाही, आणि एरवी घाई करायला लावून पुढे चूक झाली की नियम दाखवला जातो.

पगाराबद्दल थोडक्यात. सहाव्या वेतन आयोगात मालगाडीचा चालक, पॅसेंजरचा, मेल-एक्सप्रेसचा आणि मोटरमन असे सगळे 4,200 च्या एकाच ग्रेड पेमध्ये आले. जबाबदारी वाढली, बढती झाली, पण पायरी तीच. शिवाय रनिंग अलाउन्स किलोमीटरवर असतो, त्यामुळे आजारी पडलं की कमाई घटते. हा राग 2010 च्या मे महिन्यात फुटला. 3 आणि 4 मे रोजी मोटरमननी उपोषण आणि असहकार पुकारला, मुंबईच्या लोकल ठप्प झाल्या. राज्य सरकारने अत्यावश्यक सेवा कायदा लावला, अटका झाल्या. शेवटी मंगळवारी संध्याकाळी आपल्या तासगावचे आर. आर. आबा, तेव्हाचे गृहमंत्री, यांच्याशी बोलणं झाल्यावर आंदोलन मागे घेतलं गेलं. रेल्वे केंद्राची, रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी, आणि तोडगा निघतो तो राज्याच्या गृहमंत्र्यांसमोर! आबांचं कौतुक आहेच, पण ज्यांच्याशी मोटरमनचा रोजचा संबंध, त्या यंत्रणेत हे बोलणं आधी का होऊ शकलं नाही, हा प्रश्न मला तेव्हाही छळत होता.

त्याचं उत्तर रचनेत आहे. रेल्वेत पीएनएम नावाची कायमची वाटाघाटी यंत्रणा पन्नासच्या दशकापासून आहे. विभागाचे प्रमुख डीआरएम, त्यांच्यावर जनरल मॅनेजर आणि सगळ्यात वर रेल्वे बोर्ड अशा तिच्या तीन पायऱ्या. पण तिथे बसण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त युनियनला. मान्यता गुप्त मतदानाने ठरते, ते 2007, 2013 आणि डिसेंबर 2024 मध्ये झालं. मध्य रेल्वेवर एनआरएमयू आणि सीआरएमएस ही युनियनची नावं तुमच्या मुलीला पहिल्या आठवड्यातच ऐकू येतील. या युनियनमध्ये ट्रॅकमनपासून कारकुनापर्यंत सगळे असतात, आणि ते योग्यच आहे. पण चालकांची संख्या त्यात कमी, त्यामुळे त्यांचे खास प्रश्न अजेंड्यावर खाली सरकतात. फक्त लोको पायलटांची संघटना आहे, तिला ही मान्यता नाही. म्हणजे ज्यांच्याकडे टेबल आहे त्यांना हा प्रश्न अंगावर बसत नाही, आणि ज्यांच्या अंगावर बसतो त्यांच्याकडे टेबल नाही. मग राग थेट प्लॅटफॉर्मवर येतो.

प्रशासनाच्या बाजूनेही सांगायला हवं. डीआरएमच्या हातात पदं मंजूर करणं नसतं, माणसं भरती बोर्डाकडून येतात आणि चालक तयार व्हायला वर्षं लागतात. एका मध्य रेल्वेवर रोज सुमारे 1,800 लोकल फेऱ्या चालवायच्या असतात. एक तास गाड्या थांबल्या तर काय होतं हे नोव्हेंबर 2025 मध्ये दिसलं. मुंब्र्याच्या अपघातात अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाल्याच्या निषेधात सीएसएमटीला कर्मचाऱ्यांनी संध्याकाळी गाड्या रोखल्या, प्रवासी रुळावरून चालू लागले आणि त्यातल्या काहींना लोकलने उडवलं. जीव गेले. मागणी कितीही रास्त असो, संध्याकाळी सहाला पूर्वसूचना न देता लोकल थांबवणं मला मान्य नाही. नोटीस द्या, तारीख सांगा, लोकांना घरी जाऊ द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नोकरी जाते का. जाऊ शकते. रेल्वे ही सार्वजनिक उपयोगाची सेवा. औद्योगिक विवाद कायदा 1947 पासूनच नोटीस दिल्याशिवाय आणि 14 दिवस गेल्याशिवाय संप करता येत नव्हता, समेटाची बोलणी चालू असताना तर नाहीच. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात एक कलम नव्या मुलांनी नीट वाचावं: निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो. ‘सामूहिक रजा टाकू, तो काही संप नव्हे’ हा जुना मार्ग आता बंद झाला. त्याशिवाय रेल्वे कायद्याचं कलम 173 आहे. ताब्यात असलेली गाडी अधिकृत माणसाकडे न सोपवता मध्येच सोडून गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चिडलेल्या तरुणाला ‘जागेवर सोडून चल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि खटल्याच्या तारखेला त्यातलं कुणी येत नाही.

ही भीती पोकळ नाही. 1973 च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग स्टाफने संप करून दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं. पुढच्या वर्षी 8 ते 27 मे 1974 हा देशव्यापी संप झाला, जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते. हजारोंना तुरुंग, हजारो नोकऱ्या गेल्या. 1977 मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर लोक परत घेतले गेले. 1981 मध्ये लोको कर्मचाऱ्यांच्या आंदोलनात शिस्त व अपील नियमांतल्या 14 (2) खाली चौकशीविना माणसं काढली, त्यांना सर्वोच्च न्यायालयातून दिलासा मिळायला 1993 उजाडलं. बारा वर्षं! तेवढ्यात मुलं वाढून कामाला लागली. आपल्याकडे 2021-22 चा एसटीचा संप सगळ्यांनी पाहिला. कित्येक महिने खेडी बसविना राहिली. एसटीला वडाप, म्हणजे खासगी जीपगाड्या, हा पर्याय तरी होता. मुंबईच्या लोकलला पर्याय नाही, म्हणून तिथे सरकार पहिल्याच दिवशी कठोर होतं आणि बहुधा दुसऱ्या दिवशी बोलायला तयार होतं.

मेट्रो बरी का? मेट्रो ही रेल्वे नव्हे. ती कंपनी असते, तिला 2002 चा वेगळा मेट्रो कायदा आहे, पीएनएम नाही, आणि युनियन बहुतेक ठिकाणी कोवळ्या. 2018 च्या जूनमध्ये दिल्ली मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनी संप जाहीर केला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रोखला. केबिन वातानुकूलित, रुळावर माणसं येत नाहीत, सिग्नल बरंचसं यंत्र सांभाळतं. मनावरचा भार कमी, हे खरं. पण जिथे गाडी स्वतःच चालू शकते तिथे चालकाची गरज पुढे किती राहील हा विचार करायला हवा. माझं मत विचाराल तर सरकारी रेल्वेची सेवा सोडू नये.

मुलगी आहे म्हणून बिचकू नका. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, 2000 मध्ये त्यांनी मुंबईत लेडीज स्पेशल लोकल चालवली, वंदे भारत चालवली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सन्मानाने निवृत्त झाल्या. मात्र एक अडचण स्पष्ट सांगतो, कारण भरतीच्या जाहिरातीत ती नसते. बहुतेक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही. जेवण आणि नैसर्गिक विधीसाठी ठरलेली वेळ द्या ही चालकांची जुनी मागणी 2025 मध्ये रेल्वेने ‘व्यवहार्य नाही’ म्हणून फेटाळली. मुली पाणी न पिता आठ-नऊ तास काढतात, त्यातून आजार होतात. हा प्रश्न पुरुषांनी सहन केला म्हणून राहिला. मुलींनी तो युनियनमध्ये जोरात मांडावा, आणि त्यांच्यामागे आम्ही म्हाताऱ्यांनी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी कामाच्या गोष्टी. तिला विभाग कोणता मिळाला ते आधी पाहा. पुणे विभाग मिळाला तर तिची कामं मिरज, सातारा, पुणे या पट्ट्यातली, आदर्कीच्या घाटात गाडी सांभाळायला ती उत्तम शिकेल. पण तिथून मुंबईच्या मोटरमनच्या केडरमध्ये आपोआप जाता येत नाही. स्वतःच्या विनंतीने विभाग बदलला की सेवाज्येष्ठता तळाला जाते. घाईने अर्ज टाकू नये, मोटरमन व्हायला आधी मालगाडीवर मुरावं लागतं हे धरूनच ठरवावं.

रुजू झाल्यापासून तिने स्वतःची वही ठेवावी: साइन ऑन, साइन ऑफ, मिळालेली विश्रांती, कुणी किती वाजता बोलावलं. यंत्रातली नोंद असते, पण चौकशीच्या दिवशी ती हवी तेव्हा निघत नाही. झोप झाली नसेल तर गाडी घेण्याआधी लेखी कळवावं, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. नऊ तासांपुढे नेणार असतील तर त्याची सूचना दोन तास आधी मिळायला हवी आणि साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत अकरा तासांच्या वर जाता कामा नये, हा 2016 चा रेल्वे बोर्डाचा आदेश तिला पाठ असावा. युनियनचा फॉर्म जो आधी आणेल त्याचा भरू नये. शाखेत रनिंग स्टाफचा पदाधिकारी कोण आहे, मागच्या पीएनएममध्ये त्याने विश्रांतीचे किती मुद्दे मांडले, ते विचारून मग भरावा. आणि ट्रेनिंगला सर्वसाधारण व सहायक नियमांचं जाडजूड पुस्तक देतील, ते परीक्षेपुरतं सगळेच वाचतात. कामाचे तास आणि विश्रांतीचे 2005 चे नियम त्यात नसतात. ते वेगळे मागून घ्यावे लागतात.